अक्काच्या उजव्या डोळ्यातली बुरशी

देशात बुरशीचे आजार किती जणांना आहेत, यावर मी साताऱ्याच्या कार्यालयात बातमी तयार करत होते. नायटा, नखं, फुप्फुसं, डोळे. दोन डॉक्टरांना फोन केला. आकडा कोटींच्या घरात असावा, असं दोघंही म्हणाले. नक्की आकडा कुणाकडेच नव्हता, कारण बहुतेक रुग्णांची माहिती कुठे कळवलीच जात नाही. मी ‘अंदाजे’ हा शब्द घालून परिच्छेद संपवला.

त्याच दुपारी तासगावहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. म्हशीला घालायला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, काढताना त्याचं पातं तिच्या उजव्या डोळ्यात लागलं होतं.

“लय खुपतंय गं. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वक्ताचं औषध हाय फ्रिजमधी. घालू का?”

“घाल,” मी म्हणाले. “डोळ्याचंच आहे ना.”

दोन दिवसांत लाली उतरली. आठवडा झाला तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका आला आणि तिला उजेड सहन होईना. मी तासगावला गेले आणि तिला घेऊन सांगलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोहोचले.

डॉक्टरांनी ठिपका खरवडून काचेच्या पट्टीवर घेतला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. फांद्या फुटलेले बारीक धागे होते.

“बुरशी,” त्या म्हणाल्या. “ऊसतोड सुरू झाली की असे पेशंट येतच राहतात.”

“हे कुठे कळवता?”

“कुणाला कळवायचं?”

ज्यांना मी ‘अंदाजे’मध्ये बसवलं होतं, त्यांतली एक बाहेर बाकावर डोळ्याला पदर लावून बसली होती.

डॉक्टरांनी अक्काला आत बोलावलं आणि आधीच्या औषधाची बाटली मागितली. लेबल वाचून ती टेबलावर ठेवली.

“यात स्टिरॉइड आहे. वरून लाली जाते आणि आत बुरशी पसरते. कुणी दिलं हे?”

“माझं मीच घातलं,” अक्का लगेच म्हणाली. “आवं डॉक्टर, बुरशी म्हंजे द्राक्षावर येती तीच का? मग मारा की फवारा. आमी तर सारखा मारतो.”

डॉक्टर हसले, तीही हसली. मग त्यांनी सांगितलं, “दर तासाला थेंब घालायचे. बुबुळ फुटलं नाही तर डोळा वाचेल. नजरेचं आत्ता सांगता येणार नाही.”

मी रजा टाकून तासगावला राहिले. मोबाइलमध्ये दर तासाचा गजर लावला. प्रत्येक वेळी पापणी उघडताना मी आधी ठिपका बघायचे. तो वाढला की काय, हे मला कधीच ठरवता येत नव्हतं. अक्का विचारायची, “कसा हाय?” मी म्हणायचे, “तसाच.”

दहाव्या दिवशी पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिच्या डाव्या डोळ्यावर झाकण धरलं आणि दुसरा हात उजव्या डोळ्यासमोर नेला.

“किती बोटं आहेत?”

अक्काने मान थोडी पुढे केली. डॉक्टरांची चार बोटं तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होती.

“दावली व्हय?” तिने विचारलं.