पेटीतले रोडगे

मायक्रोवेव्हमध्ये रोडगे करू नयेत. मी अकरा रविवार केले, म्हणून सांगते. पहिल्या रविवारी एक रोडगा हातातून निसटला आणि फरशीचा टवका उडाला. रोडगा शाबूत. मी तिरुच्चीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा कणकेतलं पाणी ती पेटी कसं हाकलून देते हे मला आधीच कळायला हवं होतं. पण शिकवणाऱ्यांचं ज्ञान बहुधा फळ्यापुरतं असतं.

रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा मुठीएवढा गोळा, निखाऱ्यात पुरून भाजलेला. तंजावूरच्या आमच्या घरात चंपाषष्ठीला खंडोबाला रोडगे आणि भाजल्या वांग्याचं भरीत लागतं. आमच्यापैकी पहिला कोण इथे आला, कधी आला, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. मराठी फक्त बोलण्यात उरली. मी स्वतः देवनागरी चाळिशीत शिकले. रोडगे मात्र चुकले नाहीत. मागच्या परसात, ज्याला आम्ही कोल्लै म्हणतो, गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसला की रोडगे राखेत पुरायचे. आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि नैवेद्याचं म्हणून चाखायचं नाही. उरतं नाक, आणि आमच्या घरात ते अम्माचं. ती विस्तवाकडे पाठ करून शेंगा सोलत बसायची आणि मध्येच मान न वळवता म्हणायची, "काढ." तेव्हा काढलेला रोडगा बाहेरून खरपूस आणि आतून वाफाळता निघायचा. ती चुकल्याचं मला आठवत नाही.

साथीच्या वर्षी अम्मा-अप्पांना एकाच आठवड्यात ताप आला. अम्मा उठली, अप्पा उठले नाहीत. त्यानंतर ती त्या घरात एकटी राहिली आणि तीन वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग एका सकाळी दूध उतू जाऊन गॅस विझला आणि शेगडी तशीच चालू राहिली. अम्मा त्याच स्वयंपाकघरात, शेगडीपासून दोन हातांवर, भेंडी चिरत बसली होती. शेजारच्या मामींना भिंतीपलीकडे वास आला, त्या धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. दुसऱ्याच दिवशी अण्णा, माझा थोरला भाऊ, चेन्नैहून येऊन दाखल झाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. अम्माचं लक्ष राहत नाही. घराला कुलूप लावायचं आणि तिला चेन्नैच्या फ्लॅटमध्ये न्यायचं.

"मजला कोठें नेऊं नका," अम्मा म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. एक गोष्ट दोनदा सांगणाऱ्यातली ती नव्हती.

मी मध्ये पडले. सिलिंडर परत करू, मायक्रोवेव्ह आणू, घरात विस्तव म्हणून नको, असा तोडगा काढला. अण्णा जरा विचार करून म्हणाला, "चंपाषष्ठीचा नैवेद्य तिने ह्या पेटीत, एकटीने, नीट करून दाखवला तर मी पुन्हा चेन्नैचं नाव काढणार नाही." मी लगेच हो म्हटलं. अम्माला विचारलंच नाही.

मग माझे रविवार सुरू झाले. सकाळच्या बसने तंजावूरला जायचं आणि संध्याकाळी परत. कणीक सैल भिजवली. गोळे चपटे केले, मध्ये बोटाने भोक पाडलं. ताटलीच्या कडेने गोल मांडून मधली जागा मोकळी ठेवली, कारण त्या पेटीत मधलं कच्चं राहतं. ओलं फडकं झाकून कमी ताकदीवर दोन मिनिटं, उलटून पुन्हा दोन, मग पाच मिनिटं नुसतंच राहू द्यायचं. वांगं चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरात येत नाही, म्हणून भरिताचा सराव मी तिरुच्चीत, खंडोबाच्या नजरेआड केला. टोचे मारायला विसरले, तर पहिलं वांगं आतच फुटलं. जे जमलं ते कागदावर लिहून पेटीच्या दारावर चिकटवलं. शब्द मराठी, अक्षरं तमिळ, कारण अम्माला तीच वाचता येतात.

अम्मा शहाण्या मुलीसारखी सगळं शिकली. घंटा वाजली की दार उघडायचं, एवढंच. ती पेटीवर खूशच दिसायची. मी दर वेळी तिच्यापुढे रोडगा ठेवून विचारायची, "कसं झालंय?"

"छान आहे," ती म्हणायची. "पण ह्या पेटींत वास येत नाहीं."

मी ती तक्रार मनाला लावून घेतली. तिरुच्चीहून कणीक तव्यावर कोरडी भाजून नेली, तूप आधी लावलं, नंतर लावलं. त्याच दिवसांत डब्यातलं तूप खवट झालेलं सापडलं, एकदा फ्रीजमध्ये नासलेलं दूध. मी दोन्ही गुपचूप ओतून दिलं, अण्णाच्या कानावर जाऊ नये म्हणून. वय झालं, नजर अधू झाली, असं स्वतःला सांगितलं आणि पुन्हा मिनिटं मोजत बसले.

चंपाषष्ठीला अण्णा पहाटेच्या गाडीने आला. अम्माने सोवळ्यात एकटीने रोडगे केले, भरीत केलं, कुठे अडली नाही. अण्णाने रोडगा दाबून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आम्ही जिंकलो होतो. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला पेटीतला तो पांढुरका रोडगा देवापुढे ठेवायची लाज वाटली. पूजेच्या सामानाच्या दुकानातून मी गोवऱ्यांचं पाकीट आधीच आणून ठेवलं होतं. म्हटलं, आपण दोघं आहोतच, पाच रोडगे निखाऱ्यावर करू, अम्माला बरं वाटेल. अण्णाही विरघळला.

"नको," अम्मा म्हणाली. "पेटींतले झालेत की. पुरे."

आम्हाला वाटलं, भिडेपोटी म्हणतेय. मी हाताला धरून तिला कोल्लैत नेलं आणि पाटावर बसवलं.

पावसाने गोवऱ्या दमट होत्या, पेटायला वेळ लागला. मग निखारे पडले, रोडगे पुरले, आणि थोड्या वेळाने तो वास आला. गव्हाचा, राखेचा, गोड. अप्पा गेल्यापासून अम्मा रोडगे गॅसवरच करायची, त्यामुळे तो त्या घरात आला नव्हता. मला रडूच आलं. मी अम्माकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती.

"काढू?"

"अजून नाहीं."

वास दाट झाला, मग त्याला कडवट धार आली. मी पुन्हा विचारलं. "राहूं दे," ती म्हणाली, पण तिचे हात थांबले होते. अण्णा आतून आला आणि काही बोलणार, तोच मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. रोडग्यांच्या बाबतीत अम्माला शिकवणारे आम्ही कोण? माझं नाक करपल्याचं सांगत होतं, तरी मी तिच्यावर विश्वास ठेवून बसले. मग भिंतीपलीकडून मामींची हाक आली, "अक्का, एदो करुगुदु." काहीतरी करपतंय.

"काढ," अम्मा लगेच म्हणाली.

पाचही कोळसा झाले होते. अम्माने एक हातात घेऊन फोडला. आतही काळं. गॅसच्या त्या सकाळी ती शेगडीपासून दोन हातांवर बसली होती, हे मला तेव्हा आठवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्या तापापासून. वास गेला तो आलाच नाहीं. रुचीही त्याबरोबर गेली." तिने हात पदराला पुसले. "तुझे अप्पा गेले होते. त्यांत नाकाचें काय सांगूं?"

म्हणजे तीन वर्षं ती नुसता घास गिळत होती, आणि अकरा रविवार मी तिच्यापुढे ताटली ठेवून विचारत होते, कसं झालंय. मला स्वतःची शिसारी आली. पेटीत कुणालाच वास येत नाही, म्हणून तिथे ती सुरक्षित होती. मीच तिला तिथून ओढून विस्तवापुढे आणलं होतं.

"वास कळत नसला तर अलार्म मिळतो, अम्मा," मी म्हणाले. "गॅसचा, धुराचा. मी बसवून देते. दर रविवारी येतेच आहे."

तिने ऐकून घेतलं, पण उत्तर अण्णाला दिलं.

"मजला घेऊन चल. तेथें मी रांधणार नाहीं, वास आला कां म्हणून मजला कोणी विचारणार नाहीं."

अण्णा आत गेला आणि तिची प्रवासाची पेटी माळ्यावरून काढू लागला. देवापुढे आम्ही मायक्रोवेव्हमधलेच रोडगे ठेवले.