सहा मीटरच्या आत

हँडबॉलच्या मैदानावर गोलसमोर सहा मीटरवर एक अर्धगोल रेघ असते. त्या रेघेच्या आत फक्त कीपरनं उभं राहायचं. समोरच्या संघानं तर नाहीच, पण आपल्या संघातल्या मुलींनीही तिथे पाय ठेवायचा नाही, असा नियम आहे. तेरा-चौदा वर्षं मी त्या रेघेच्या आत काढली. जिल्ह्याचा संघ, राज्याचा, मग देशाचा, आणि खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली नोकरी, जे काही मिळालं ते त्या जागेनं दिलं. तुम्हाला कीपरच व्हायचं कसं सुचलं, असं लोक कौतुकानं विचारतात. मला काही सुचलं नव्हतं. मी कीपर झाले ती फुल पँटमुळे.

आमचं गाव सोनगीरपासून आत, हमरस्ता सोडून चालत जावं लागे असं. ज्वारी-बाजरीच्या दिवसांत शेतातल्या माळ्यावर, उंच मचाणावर, बसून पाखरं राखायचं काम माझ्याकडे असे. गोफण फिरवून फिरवून माझा उजवा हात असा तयार झाला होता, की सांगितलेल्या झाडाच्या सांगितलेल्या फांदीवर मी दगड मारून दाखवत असे. आठवीला मला धुळ्याला आत्याकडे ठेवलं. शाळेत खेळाच्या बाई होत्या, सडपातळ, आवाज मात्र हवालदाराचा. त्यांनी एकदा माझ्या हातात चेंडू दिला आणि भिंतीवर मार म्हणाल्या. मी मारला. त्यांनी पुन्हा मारायला लावला, मग धावत येऊन, मग उडी मारून. त्या दिवसापासून मी हँडबॉलची झाले.

पहिले दोन महिने मी पुढे खेळले. ते दोन महिने मला अजून जसेच्या तसे आठवतात. तीन पावलं टाकायची, उडी घ्यायची, हवेत असतानाच कीपरचा कोणता पाय हलतोय ते बघायचं आणि चेंडू सोडायचा. सराव सलवार-कमीजवर चालायचा, ओढणी कमरेला आवळून. चेंडू जाळीत गेला की मुली अंगावर पडायच्या. मी आयुष्यात इतकी आनंदी त्याआधी नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नव्हते.

मग जिल्ह्याच्या सामन्यांसाठी गणवेश आला. बनियनसारखा शर्ट आणि अर्धी चड्डी. आत्यानं ती चड्डी चिमटीत धरून बघितली आणि सरळ गावी निरोप धाडला. त्या काळी आमच्याकडे चौदा वर्षांची मुलगी दंड उघडा टाकून नदीवर धुणंसुद्धा धूत नसे, तिथे ही भर मैदानात. बाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. रविवारी एसटीनं त्या आत्याला आणि मला घेऊन आमच्या गावी आल्या.

नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. शेजारी भाऊबंदांतले दोघे-तिघे वडीलधारे. नाना कडक नव्हते, पण चारचौघांत बोललेला शब्द मोडायचा नाही, एवढी एकच श्रीमंती त्यांच्याकडे होती. बाईंनी खेळाचं महत्त्व सांगितलं, पुढे नोकरी लागते हे सांगितलं. भाऊबंद गप्प राहिले. त्या गप्पपणाकडे एकदा बघून नाना म्हणाले, “पोरले खेयू द्या. पण आंगभर कपडा पाहिजे.”

बाईंनी एका क्षणात मार्ग काढला. म्हणाल्या, आमच्या खेळात एक जागा अशी आहे, की तिथल्या मुलीला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फुल पँट घालता येते. नानांनी मान हलवली. ती जागा कुठली, तिथे काय करायचं असतं, हे त्यांनी विचारलं नाही. परतीच्या एसटीत आत्या म्हणाली, सुंठीवाचून खोकला गेला. मी खिडकीबाहेर बघत होते. दुधाची तहान ताकावर भागवायची आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण ताक तरी मिळतंय, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

कीपरला चेंडू झेलायचा नसतो, अंगावर घ्यायचा असतो. समोरची मुलगी हवेत उडी मारून पाच-सहा हातांवरून मारते. हात, पाय, पोट, जे पुढे करता येईल ते करायचं. सुरुवातीला मी डोळे मिटायची. बाईंनी मला गोलमध्ये उभं केलं, हात मागे बांधून घ्यायला लावले आणि पोरींना मारायला सांगितलं. आठवड्याभरात डोळे उघडे राहायला लागले. मायनं, माझ्या आईनं, जुन्या गोधडीचे तुकडे पँटच्या आतून मांड्यांवर शिवून दिले. तरी रात्री मांड्या काळ्यानिळ्या व्हायच्या. त्या मात्र कुणाला दिसायच्या नाहीत, आंगभर कपडा होता ना.

मार सोसता येतो. न सोसणारी गोष्ट वेगळी होती. आपला संघ चढाईला गेला की सगळ्याजणी मैदानाच्या त्या टोकाला, आणि सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. गोल झाला की त्या तिकडे गळ्यात गळे घालायच्या. मी पहिली दोन-तीन वर्षं पळत जायची. मी मैदानाच्या मध्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचं आटोपलेलं असायचं आणि त्या परत फिरलेल्या असायच्या. मग आम्ही सगळ्या मिळून उलट पळायचो. पुढे मी जायचं सोडलं. जागेवरूनच हात वर करायचे. वर्तमानपत्रात फोटो यायचे, त्यांत मी कुठेतरी लांब, ठिपक्याएवढी, हात वर केलेली.

नोकरी लागली आणि मी जळगावला आले. मेहरूणला एक खोली घेतली. वर्षातले सात-आठ महिने शिबिरं आणि स्पर्धा, उरलेल्या दिवसांत सकाळी सराव, दुपारी ऑफिसात फायली. ऑफिसातले लोक चांगले होते, पण ते मला व्हॉलीबॉलवाली म्हणायचे. मी आधी दुरुस्त करायची, मग कंटाळले. देशाच्या संघातून खेळून परत आले तेव्हा साहेबांनी पेढे वाटले आणि मॅडम व्हॉलीबॉलमध्ये चमकल्या असं सांगितलं. मीही एक पेढा घेतला.

संध्याकाळी मेहरूणच्या तलावाकडे फिरायला जायचे. बायका जोडीजोडीनं, घोळक्यानं असायच्या. माझ्या वयाच्या मैत्रिणींची लग्नं झाली होती. माझ्यासाठी आलेली स्थळं शिबिरांच्या तारखांत अडकून पडली आणि मग येईनाशी झाली. एकटेपणाची मला लाज वाटायची, म्हणून मी भरभर चालायची, कुठेतरी काम असल्यासारखी.

याच काळात एकदा संधी चालून आली. शिबिरातले प्रशिक्षक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, एका दुपारी सरावानंतर मी गंमत म्हणून लांबून मारलेले चेंडू बघत उभे राहिले. पाच मारले, पाच जाळीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, कीपर आपल्याकडे आणखी दोन आहेत, असा हात एकीचाही नाही. तीन महिने दे, तुला पुढे खेळवतो.

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. आणि मी नाही म्हणाले.

सांगायला सोपं कारण आहे: नानांचा शब्द. पुढे खेळायचं म्हणजे अर्धी चड्डी, म्हणजे फोटो, म्हणजे तो फोटो सोनगीरच्या स्टँडवर कुणाच्या तरी हातात, आणि तिथून ओट्यावर. पण मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, स्वतःच्या पायावर उभी होते. गावी जाऊन एकदा विचारता आलं असतं. आमच्या घरात मुलीला एकदा मिळालेली परवानगी पुन्हा विचारायची पद्धत नव्हती. विचारली की ती परवानगी आहे हे त्यांच्या लक्षात येतं, आणि लक्षात आली की काढून घेतली जाऊ शकते. हे मी मायकडून शिकले होते. तीही माहेरी जाऊ का असं दुसऱ्यांदा कधी विचारत नसे. सरांना मी सांगितलं की मला पुढे भीती वाटते. त्यांनी विश्वास ठेवला. रोज शंभर चेंडू अंगावर घेणारी मुलगी भीती वाटते म्हणते आणि मोठा माणूस ते मान्य करतो, याचा मला राग आला. त्याहून जास्त राग माझा मलाच आला.

नव्वद साल उजाडलं आणि बघता बघता सगळं बदललं. शिरपूर, चोपडा, पारोळ्याकडच्या खेड्यांतून मुली यायला लागल्या. चड्डी घालून मैदानावर उतरायच्या, वरून पालकच डबा घेऊन बाकावर बसलेले. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. मी त्यांना शिकवायची, त्यांच्यावर ओरडायचीही. त्या मला अक्का म्हणायच्या आणि माझ्यापासून जरा दबून राहायच्या. त्यांच्यावर माझा खरा राग कशाचा होता हे त्यांना कळणं शक्य नव्हतं.

माझी शेवटची स्पर्धा जळगावातच झाली. माय जाऊन वर्ष झालं होतं. नानांनी कधीच माझा सामना बघितला नव्हता. तोवर शेत आणि ढोरं सोडून त्यांना निघता येत नसे, आणि मीही कधी या म्हटलं नव्हतं. या वेळी म्हटलं. धुळे, पारोळा, एरंडोल करत ते एसटीनं आले, धुतलेलं धोतर, नवी टोपी. मी त्यांना खुर्चीवर बसवायला गेले तर ते सरळ माझ्या गोलच्या मागे, लिंबाच्या सावलीत जमिनीवर जाऊन बसले. आता काय होणार, हे माझ्या लक्षात आलं. समोर बारा पोरी अर्ध्या चड्डीत आणि या टोकाला मी आंगभर कपड्यात. सामना संपला की ते चड्ड्यांवरून काहीतरी बोलणार, याची मी मनाची तयारी करून ठेवली.

सामनाभर ते माझ्या पाठीमागे होते, मध्यंतराला बाजू बदलल्या तसे तेही उठून माझ्या मागे येऊन बसले, त्यामुळे मला दिसले नाहीत. उत्तरार्धात एक चेंडू माझ्या गालावर बसला. मी खाली पडले, उठले. मागे वळून बघितलं तर नाना उभे होते, हात जाळीला धरून. पंचांनी शिट्टी वाजवली तसे ते बसले. आम्ही जिंकलो. मुली त्या टोकाला नाचत होत्या. मी हात वर केले.

नंतर मैदानाच्या कडेच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. चड्ड्यांबद्दल एक शब्द नाही. त्यांनी माझ्या सुजलेल्या गालाकडे बघितलं, बशीत चहा ओतला आणि तो न पिताच विचारलं, “बठ्ठ्या पोरी पयतस. तू एकलीच तठे उभी. का बरं?”

मी म्हटलं, “माले तठेच आवडस, नाना.”

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “मंग बरं शे. माले वाटनं, मन्हा शब्दमुये तू तठे अडकी गई.”

चौदा वर्षांत जे मी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी एका सामन्यात, काही माहीत नसताना, ओळखलं होतं. मी हो म्हणायची खोटी होती. हो म्हटलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. त्या बशीतला चहा तेवढा त्यांना गेला नसता.

“नही,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी चहा प्याला, आणखी एक मागवला. टपरीवाल्याला मुलीची ओळख करून दिली, ही मन्ही आंडेर शे, लहानपणापासून तिला पळायचा कंटाळा. टपरीवाला हसला, मीही हसले.

नाना पुढे सहा वर्षं जगले. गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हेच सांगायचे, की माझ्या पोरीनं स्वतःच्या मनानं ती जागा निवडली. मी सुट्टीत गेले की शेजारी बसून मान हलवायची. खरं सांगून टाकावं असं मला प्रत्येक वेळी वाटायचं. पण सांगितलं असतं तर ते म्हातारपणी त्या एका शब्दाबरोबर एकटे पडले असते. दोघांपैकी एकाला तसं राहायचंच होतं, आणि मला त्याचा सराव होता.