गोलात केलेल्या सह्या

चार वर्षं मी सोलापूरजवळच्या मंद्रूप गावातल्या घरातून विम्याचे कागद तपासले आणि एकही कागद अडला नाही. मग पुण्यातल्या साहेबांना अचानक आमची आठवण आली. सोलापुरात कापडाच्या दुकानावरचा एक हॉल भाड्याने घेतला, अंगठ्याचं मशीन बसवलं आणि हुकूम काढला, सगळ्यांनी रोज ऑफिसात यायचं, म्हणजे एकमेकांत मिसळता येईल. आम्ही चौदा जण आलो, अंगठे टेकवले, कानाला हेडफोन लावले आणि दिवसभर पुण्याशी बोलत बसलो. मिसळायला वेळ मिळायचा तो जेवणाच्या सुटीत, आणि तेव्हा सगळे मिळून साहेबांना शिव्या घालायचे.

माझा प्रश्न साधा होता. वर्षापूर्वी आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळी आणि दुपारी चालवा, नाहीतर पाय कायमचा आखडेल. बायको शाळेत शिकवते, ती सहाला येते. दुपारची फेरी माझी. तीन वाजता लॅपटॉप बाजूला ठेवून मी आईला धरून ओट्यापासून फाटकापर्यंत न्यायचो आणि परत आणायचो. वीस मिनिटांचं काम. ऑफिस सुरू झालं आणि ते बंद पडलं. जेवताना हे मी सगळ्यांना सांगितलं होतं.

शिव्या घालून काही होईना, तेव्हा अर्ज करायचं ठरलं. घरून काम करू द्या, निदान ज्यांना गरज आहे त्यांना तरी. मजकूर मी लिहिला. सहीची वेळ आली तशी आमच्या वाघांची वाचा बसली. पहिली सही कोणाची? शेवटी एका हुशार माणसाने तोडगा काढला. सह्या गोलात करायच्या, म्हणजे सुरुवात कोणी केली ते कळणारच नाही. डब्याचं झाकण उपडं ठेवून त्याने पेन्सिलने गोल काढला आणि तेरा जणांनी त्याच्याभोवती सह्या केल्या. इतका भित्रा कागद मी विम्याच्या धंद्यातही पाहिला नव्हता.

चौदावीने सही केली नाही. "मला ऑफिस हवंय," ती म्हणाली. "घरी दोन खोल्यांत सात माणसं, खाली यंत्रमाग. जिन्यात बसून काम केलंय मी." आम्ही तिला साहेबांची चमची ठरवून टाकलं. मी तर सगळ्यांच्या आधी.

सोमवारी साहेब भिंतीवरच्या स्क्रीनवर आले. मागे खुर्चीवर वाळत टाकलेला टॉवेल, आतून कुकरची शिट्टी. घरी बसून हा माणूस आम्हाला ऑफिसचं महत्त्व पटवत होता. मग हसून म्हणाला, "अर्ज छान आहे. आता एकेकाने अडचण सांगा."

वाघ एकेक करून उभे राहिले. कोणाला ऑफिसात शिस्त लागली होती, कोणाला घरी फार एकटं वाटत होतं. झाकणवाला तर म्हणाला, सही गडबडीत झाली. मला अक्षरशः किळस आली.

तेवढ्यात ती सही न करणारी उठली आणि माझ्याकडे बोट केलं. "सर, मला इथे सोयीचं आहे, मी येणार. पण ह्यांना दुपारी घरी असू द्या. ह्यांच्या आईला चालवायला कोणी नाही."

साहेबांनी माझं नाव घेतलं. "असं आहे का? बोला ना."

"नाही सर," मी म्हणालो, "होतंय मॅनेज."

ती खाली बसली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

संध्याकाळी घरी येऊन आईला उभं केलं. पाय पुढे पडेना. माझ्या खांद्याला धरून तिने विचारलं, "सायबाला सांगितलंस का माझं?"

"सांगितलं की."

"आन् तरी न्हाय म्हनला? त्येला आई न्हाय का रं? कसला मानूस म्हनायचा ह्यो!"

त्या माणसाची बाजू घ्यावी असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. तीही मी घेतली नाही.