बाजारातले घोंगडीवाले आबा

रांजणगावला कारखाने उभे राहत होते, त्या वर्षांतली गोष्ट. तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात एक म्हातारे घोंगडीवाले बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायचो. कुणी भाव विचारला की आधी त्यांचाच प्रश्न यायचा, "कुणासाठी?" आणि उत्तर येईपर्यंत ते घोंगडीचा काठ अंगठ्यानं चोळत राहायचे.

मग शेजारी उत्तरेकडच्या एका विक्रेत्यानं पानिपतच्या ब्लँकेटांचा ढीग मांडला. रंगीत, हलकी, घोंगडीच्या पाव किमतीत. सगळी गर्दी तिकडं. वडिलांसाठी घोंगडी घ्यायला गेलो तेव्हा मीही ढिगाकडं बोट दाखवलं.

"आबा, काहीतरी कमी करा की."

"मग तितनंच घ्या," ते शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात अवकाळी सर आली. विक्रेत्याकडं ताडपत्री नव्हती. आबा उठले आणि आपल्या दोन मोठ्या घोंगड्या त्याच्या ढिगावर पसरून आले.

मला राहवलं नाही. "त्याचा माल भिजला असता, तर गिऱ्हाईक तुमच्याकडंच आलं असतं."

"त्याचं भिजलं म्हणून माझं खपलं, तर त्यात माझ्या घोंगडीचं काय वं?"

सर ओसरली. आबांनी घोंगड्या उचलून झटकल्या. खालची ब्लँकेटं कोरडी होती. विक्रेत्यानं ती चाचपली, मग घोंगडी चाचपली.

"चाचा, ये कितने की है?"

आबांचा अंगठा काठावर गेला. "कुणासाठी?"

मी त्या विक्रेत्याच्या मागं रांगेत उभा राहिलो. भावाचा विषय मी पुन्हा काढलाच नाही.