हुंगणारी सावली

सव्वीस वर्षं एक्स-रे काढूनही लहान मूल खोलीत आलं, की मावशी धास्तावायच्या. दवाखान्यात सगळे त्यांना मावशीच म्हणत. ती थंडगार, अंधारी खोली आणि डोक्यावर लटकणारं अवजड मशीन पाहून पोरं भोकाड पसरायची. हात हलायचा, फोटो बिघडायचा, पुन्हा काढावा लागायचा. सोबतची आई शिशाचा एप्रन चढवून आणखीच भेदरलेली. मावशी मुळात अबोल. गाणी-गोष्टी त्यांना कधी जमल्याच नाहीत.

एकदा रद्दीच्या दुकानात त्यांना हातांच्या सावल्यांचं एक पातळसं पुस्तक मिळालं. ससा, हंस, कुत्रा, आणि प्रत्येकाखाली आकडे घालून सूचना. मावशी हरखल्या. सूचना पाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मशीनची माहितीपुस्तिका त्यांना तोंडपाठ होती!

घरी नवऱ्याचाही उत्साह उतू चालला. ते कारखान्यात नकाशे काढायचे. "अंगठा पंचेचाळीस अंशांत ठेवावा," असं त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि थेट कोनमापकच घेऊन आले.

"अहो, बोट आहे ते, जिना नाही!"

"अगं, बेचाळीस भरतायत. तीन अंश वर घे."

घेतले. भिंतीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखं काहीतरी दिसलं.

"कोन मात्र बरोब्बर आहे हं," नवरा म्हणाला, आणि दोघं हसून हसून बेजार झाले.

मावशींची करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झालेली. पुस्तकातल्या हाताची बोटं कशी सुतासारखी सरळ. तरी त्यांनी महिनाभर रोज सराव केला. शेवटी कुत्रा चित्राबरहुकूम उमटला.

दुसऱ्याच दिवशी झोपाळ्यावरून पडलेली सातेक वर्षांची मुलगी आली. मनगट सुजलेलं, रडून डोळे लाल. मावशींनी मशीनचा दिवा लावला. फोटो नेमका कुठला येणार, ते दाखवणारा उजेडाचा चौकोन टेबलावर पडला. त्यात त्यांनी श्वास रोखून कुत्रा धरला.

मुलगी रडायची थांबली. तिनं निरखून पाहिलं.

"या आमच्या मुख्याध्यापिका बाई."

एप्रनमधली आई फिस्सकन हसली. मावशींचा चेहरा उतरला. "अगं, कुत्रा आहे तो."

"कुत्रा असा ताठ उभा राहतो का? आमचा आला की आधी हुंगतो."

मावशींनी मनगट सैल सोडलं. कितवी सूचना, किती अंश, सगळं डोक्यातून गेलं. सावली हळूच पुढे सरकली, थबकली आणि मुलीच्या कोपराशी हुंगायला लागली. करंगळी वाकडी, म्हणून जबडाही तिरपा, अर्धवट उघडा राहिला होता.

"तस्साच!" मुलगी खिदळली. "आमचा पण असाच तोंड वासून बघतो!"

"दमलाय तो," मावशी म्हणाल्या. असं काही आपण बोलतोय, याचं त्यांनाच नवल वाटलं. "तुझ्या हाताशी झोपू दे त्याला. हललीस तर उठेल हं."

मशीनचा दिवा अर्ध्या मिनिटानं आपोआप मालवतो. तो मालवला.

"झोपला," मुलगी कुजबुजली. मावशींनी पडद्याआड जाऊन बटण दाबलं. पहिल्याच फोटोत हाडाची बारीक चीर स्वच्छ दिसली.

तेव्हापासून मावशी डबा खायला अंगणात बसू लागल्या. मांजर अंग कसं चाटतं, कबुतर मान कशी उडवतं, ते बघता बघता घास हातातच राहायचा. पोरं आता खोलीतून निघायला तयार नसत.

वर्षभरानं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "मावशी, हे लिहून द्या. बाकीच्यांनाही शिकता येईल."

त्या कागद घेऊन बसल्या. बोटं जुळवा, अंगठा वर करा, करंगळी खाली सोडा. पुढे गाडी अडली.

"हुंगताना किती थांबायचं?" नवऱ्यानं विचारलं. "दोन सेकंद लिहू?"

"ते पोरावर आहे हो. एखाद्याला तो लगेच अंगावर यायला हवा असतो. एखाद्याकडे फार बेतानं जावं लागतं." बराच वेळ पेन चावून त्यांनी चौथी ओळ लिहिली: पुढचं खोलीत येऊन बघा.

नवी लागलेली तंत्रज्ञ ते वाचून आली. समोर पाय मुरगळलेला मुलगा होता. तिनं घाबरत घाबरत सावली धरली.

"शेळी!" मुलगा ओरडला.

तिनं मावशींकडे पाहिलं. मावशींची नजर मुलाकडे होती. मग तिनं लाजत लाजत "बेंऽऽ" केलं, शेळीनं त्याच्या अंगठ्याला ढुशी दिली आणि तो इतका हसत सुटला, की त्याचं हसू ओसरेपर्यंत फोटोसाठी थांबावं लागलं.