डाग घडीच्या आत

टिकारामच्या घरातली पोरं आधी घडी घालायला शिकत आणि मग पाटी धरत. मागावरून कोशाचं रेशमी कापड उतरलं की धागा कुठं तुटलाय ते बघायचं, आणि माल घ्यायला शेठ यायच्या आत ती जागा घडीच्या पोटात घालायची. मोहाडीच्या त्या गल्लीत याला कोणी लबाडी म्हणत नसे. त्याची मुलगी रीता, तिचा तर हातच त्यात बसला होता.

ती एम.एस्सी. होऊन परमुलखातल्या एका प्रयोगशाळेत लागली. काम असं, की केसाहून बारीक काचेच्या गोळ्यांवर द्रव स्फटिकाचा लेप चढवायचा. कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतो तसला द्रव. त्याचे रेणू काड्यांसारखे लांबट, एकमेकांना खेटून एकाच दिशेनं पडणारे. सपाट काचेवर ते शिस्तीत निजतात. गोळ्यावर मात्र कुठंतरी दिशा मोडते आणि सूक्ष्मदर्शकात तिथं काळे डाग दिसतात. रीताला चार दिसले. तिनं लेप पुसला, पुन्हा चढवला. पुन्हा चार. आपलाच हात खराब, असं तिनं धरून घेतलं. विचारणार कुणाला? शेजारच्या टेबलावरचा वीरेंद्र आधीच तिच्या गावाकडच्या बोलण्याला हसत असे.

गाईडबाईंनी फोटो मागितले. लेपाच्या आत जड गोळा खाली बसे, तिथला लेप पातळ राही आणि चारही डाग तिकडंच गोळा होत. मग काय! रीतानं वरच्या बाजूचे तेवढे फोटो काढले आणि खाली लिहिलं, ‘निर्दोष लेप’.

बाई फोटोंकडे बघतच राहिल्या. “अगं, गोळ्यावर डाग राहणारच. कुणाचाही हात असो. आणि आपल्याला तेच तर हवे होते! त्या जागांवरच एक गोळा दुसऱ्याला जोडता येईल. हे खोटे फोटो कशाला दिलेस?”

“मॅडम, मले वाटलं माझ्याच्यानंच बिघडून राहिलं.”

“मग बिघडलं म्हणून दाखवायचं होतं.”

बोलणं खरं होतं, म्हणून ते जास्तच झोंबलं. रीताची जागा गेली. तिनंच लेप दिलेले गोळे वीरेंद्रनं खालच्या बाजूनं टिपले आणि शोधनिबंध आपल्या नावावर छापला. आभारातसुद्धा तिचं नाव नव्हतं. एवढा कोतेपणा माणूस कुठून आणतो कोण जाणे!

आता ती मोहाडीत शिकवण्या घेते. परवा शेठ यायचा होता. टिकारामनं हाक मारली, “रीता, घडी घाल बाई.” सवयीनं तिचे हात तुटका धागा आत ढकलू लागले. ती थांबली. तिनं कापड उलटवलं आणि धागा वर ठेवला.

शेठनं त्यावर बोट ठेवलं, कापड बाजूला सारलं आणि ते न घेताच तो पुढच्या घरी गेला.

“इतकी शिकली,” टिकाराम म्हणाला, “अन् साधी घडी घालता येत नाही तुले?”

रीतानं कापड उचललं. या वेळी धागा आत घातला.