बेटरमेंटची थाप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुरुवात नागपूरपासून करावी लागेल. मेडिकलच्या होस्टेलसमोर माझ्या वडिलांची इस्त्रीची गाडी होती. दिवसभर डॉक्टर होणाऱ्या पोरांचे पांढरे एप्रन. नागपूरचा उन्हाळा आणि हातात कोळशाची इस्त्री — असो. घरी एकच खोली. घडी मोडायला नको म्हणून पलंगावर कायम दुसऱ्यांचे कपडे, आम्ही खाली. बारावीला मला चांगले मार्क पडले. सरकारी मेडिकल थोडक्यात हुकलं, खाजगी मिळत होतं. मी विचारलं. वडिलांनी इस्त्री खाली ठेवली नाही. म्हणाले, "आपल्याच्यानं नाही होत ते, बापू."

एवढंच. मी कित्येक दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मग सरकारी कॉलेजात इंजिनियरिंग केलं, घराण्यातला पहिला पदवीधर झालो — त्याचा मला आजही अभिमान आहे, खोटं कशाला बोलू? — आणि मनाशी ठरवलं, माझ्या लेकराला हे वाक्य ऐकवायचं नाही. कधीच नाही.

नोकरीसाठी डब्लिनला आलो तेव्हा माझी मुलगी इरा शाळेत होती. माझं ऑफिस बॉल्सब्रिजला. इथल्या मराठी मंडळींत कुणाच्या मुलाच्या अ‍ॅडमिशनचा विषय निघाला की लोक मला विचारायचे. मला ते आवडायचं. आपण खालून वर आलो, आपल्याला कळतं — असं.

इराला डॉक्टर व्हायचं होतं. इथली पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षी आपल्याला हवे ते कोर्स क्रमाने द्यायचे. निकाल लागला की त्या क्रमात वरून पहिलं जे गुणांत बसेल, ते मिळतं. त्याच्या खालचं सगळं गेलं. आपल्याकडे एक सीट पक्की धरून पुढच्या फेरीत बेटरमेंट, म्हणजे त्याहून वरची सीट, घेता येते. इथे तसं नाही. खालचं मागून मिळत नाही.

डब्लिनचं मेडिकल, नाहीतर वॉटरफोर्डचं सायन्स. सायन्सच्या पदवीनंतरही मेडिकलला जाता येतं, पण त्याची परीक्षा वेगळी, रस्ता लांबचा, आणि जमतो थोड्यांनाच. आमचं नागरिकत्व यायचं होतं. ते नसताना परदेशी म्हणून लागणारी मेडिकलची फी मला झेपणारी नव्हती. वॉटरफोर्डची झेपत होती. मग सरळ सांगायचं ना? पोरगी म्हणाली असती, लोन काढू. म्हणाली असती, वर्षभर थांबू. काहीतरी निघालं असतं. पण त्यासाठी आधी ते वाक्य माझ्या तोंडून निघायला हवं होतं.

ती किचनमध्ये लॅपटॉप घेऊन बसली होती. मी म्हणालो, वॉटरफोर्ड वर ठेव. ती गोंधळली. शाळेतल्या बाईंनी बजावून सांगितलंय म्हणे, जे खरंच हवं तेच वर.

मी हसलो. "तुझ्या बाईंनी अ‍ॅडमिशनच्या रांगा पाहिल्यात का? मी पाहिल्यात. पक्कं ते वर. मेडिकल पुढच्या फेरीत बेटरमेंटला मिळेल."

बायको ओट्याशी होती. म्हणाली, बाबांना कळतं त्यातलं, ऐक. इराने ऐकलं.

आणि मला माहीत होतं. हेच ते — मला माहीत होतं. वॉटरफोर्डच्या ओपन डेला इरा लॅब बघायला गेली असताना मी तिथल्या माणसाला गाठून नेमकं हेच विचारलं होतं. त्याने शांतपणे समजावलं. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा समजावलं. तिला हवं ते वर ठेवा, म्हणाला, मग सगळं ग्रँड. म्हणजे ठीक; इथे सगळंच ग्रँड असतं.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. मेडिकलला लागत होते त्याहून तिचे गुण जास्त. मिळालं वॉटरफोर्ड. पुढची फेरी आली, त्यात काहीच आलं नाही. मी कपाळावर हात मारला — "अरे, मला वाटलं इथेही आपल्यासारखंच असेल!" बायको रडली. इराने खोलीचं दार लोटून घेतलं. आपटलं नाही. पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करते, असं ती नंतर म्हणाली. मी म्हणालो, वर्ष कशाला वाया घालवायचं? हेही तुम्हाला सांगायलाच हवं. तेव्हा मला काय वाटलं? काही नाही. आत काही हललं नाही. अजूनही नीट हलत नाही.

त्या वर्षी गणपतीला मंडळींतल्या कुलकर्णींकडे जेवायला होतो. त्यांनी पंगतीत विषय काढलाच — "काय राऊत, इथे आपल्यासारखा अ‍ॅडमिशनचा कॅप राउंड नसतो, हे कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?" सगळे हसले. मीही हसलो. मूर्ख ठरणं मला परवडत होतं, कळतंय ना? तेवढ्यात इरा बोलली. एरवी मराठी प्रश्नाला आयरिश इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी, मराठीत बोलली.

"काका, बाबांना चिडवू नका. त्यांनी माझ्यासाठीच केलं."

मी मान खाली घालून आमटी संपवली. तेव्हा बोलता आलं असतं.

मंडळींत तो आता विनोद झालाय. नवीन आलेल्यांना सांगतात, बघा हं, राऊतांसारखं करू नका. मी त्यात स्वतःची भर घालतो. इरा वॉटरफोर्डला दुसऱ्या वर्षात असताना आमचं नागरिकत्व आलं. पदवीनंतरची मेडिकलची परीक्षा तिने दोनदा दिली. नाही जमली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

इरा आता ट्रलीला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. उत्तम गुणांनी पदवीधर झाली, कायमची नोकरी आहे, स्वतःच्या पगारावर राहते. ती डॉक्टर नाही. ते मी केलं.